ब्लोअरला कोणता ड्राइव्ह, एलिव्हेटरला कोणता?

प्रश्न : नागपुरात हिंगणा एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. १० एचपीचा ब्लोअर आणि ५ एचपीचा बकेट एलिव्हेटर (बादल्यांनी डाळ वर चढवणारा), दोन्हींना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे ड्राइव्ह) लावायचे आहेत. साधा व्ही/एफ (व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी ठरावीक प्रमाणात ठेवणारा) घ्यावा की व्हेक्टर (करंट मोजून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सांभाळणारा)?

उत्तर : ब्लोअरला व्ही/एफ पुरे. त्याची पॉवर वेगाच्या घनाने बदलते, म्हणून ८० टक्के वेगाला ती निम्म्यावर येते. मात्र नेहमीच्या ५० ऐवजी ५५ हर्ट्झवर नेलात तर ती ३३ टक्के वाढते आणि ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होऊ शकतो (आपोआप बंद पडतो).

एलिव्हेटरला सेन्सरलेस (मोटरवर वेग मोजणारा सेन्सर न लागणारा) व्हेक्टरच घ्या, तोही हेवी ड्यूटी, म्हणजे मिनिटभर १५० टक्के करंट देणारा. लाइट गेली की बकेटा भरलेल्या राहतात आणि पुन्हा सुरू करताना शून्य वेगालाच पूर्ण टॉर्क लागतो. व्ही/एफमध्ये टॉर्क बूस्ट (कमी वेगाला दिलेले जादा व्होल्टेज) वाढवून भागवायला गेलात तर मोटर तापते. बसवताना नेमप्लेटवरचे अँपिअर, आरपीएम भरा आणि मोटर थंड असताना ऑटो-ट्यूनिंग (ड्राइव्ह स्वतः मोटरचे गुणधर्म मोजून घेतो) करा. ते मोटर फिरवून करायचे असेल तर आधी मोटरवरचा बेल्ट काढा.

ड्राइव्ह एचपीवर नव्हे, अँपिअरवर निवडा. बरेच ड्राइव्ह ४० अंशांपर्यंतच पूर्ण करंट देतात; मे महिन्यात नागपुरात बाहेरच ४५ असते, पॅनेलच्या आत त्याहून जास्त. म्हणून एक साइज मोठा घ्या. डाळीची भुकटी हीटसिंकमध्ये (ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांत) बसते, पॅनेलचा फिल्टर दर आठवड्याला झटका.