खांद्याचे जुने दुखणे आणि तज्ज्ञांची पहिली भेट

प्रश्न : माझे वय ५३ वर्षे असून सहा वर्षांपासून मला मधुमेह आहे. गेले सात महिने उजवा खांदा दुखतो. केस विंचरताना किंवा हात पाठीमागे नेताना कळ येते आणि त्या कुशीवर झोपता येत नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जाण्यास सुचवले आहे. परंतु लगेच एमआरआय आणि मग शस्त्रक्रिया, या धास्तीने मी ते लांबणीवर टाकत आहे. तेथे नेमके काय होते? – एक वाचक

उत्तर : शस्त्रक्रियेची धास्ती तूर्त बाजूला ठेवावी, कारण आपण वर्णन केलेल्या दुखण्यात पहिल्याच भेटीत तो निर्णय होण्याची वेळ क्वचितच येते. या भेटीत यंत्रांपेक्षा आपले सांगणे आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी यांना अधिक मोल असते. दुखणे कशाने सुरू झाले, पूर्वी पडल्याचे किंवा हिसका बसल्याचे आठवते का, रात्री झोपमोड होते का, कळ कोपराच्या खाली उतरते का, बोटांना मुंग्या येतात का, असे प्रश्न विचारले जातील. यांतील शेवटचे दोन अवांतर वाटतील. पण मानेत नस दाबली गेली तरी दुखणे खांद्यात जाणवू शकते, म्हणून खांदा दाखवायला गेल्यावर डॉक्टरांनी मानही तपासली तर नवल वाटू देऊ नये. उत्तर देताना ‘फार दुखते’ एवढेच न सांगता ‘हात वरच्या फळीपर्यंत पोहोचत नाही’ असे सांगितले, तर डॉक्टरांना त्यातून बरेच काही कळते.

त्यानंतर दोन्ही खांदे उघडे करून त्यांची तुलना केली जाते, त्यामुळे पुढे बटणे असलेला सैल कपडा घालून जाणे सोयीचे. आधी आपल्याला स्वतः हात उचलण्यास सांगतात आणि मग तोच हात डॉक्टर हलवून पाहतात. या दोहोंतील फरकावर निदानाचा मोठा भाग अवलंबून असतो. आपल्याला हात वर नेता येत नाही, पण डॉक्टरांना तो नेता येतो, असे आढळल्यास खांदा तोलून धरणाऱ्या चार स्नायूंच्या गटाकडे, म्हणजे रोटेटर कफकडे, संशय जातो. कोणीही हलवला तरी हात अडकतो, विशेषतः कोपर अंगाशी ठेवून तो बाहेरच्या बाजूला वळत नाही, तेव्हा फ्रोझन शोल्डरची शक्यता वाढते. या विकारात सांध्याभोवतालचे आवरण जाड होऊन आकसते. तो बहुधा ४० ते ६० या वयात दिसतो आणि मधुमेह असणाऱ्यांत अधिक आढळतो, म्हणून आपल्या बाबतीत त्याचा विचार आधी होईल. निदान मात्र तपासणीनंतरच ठरेल.

एक्स-रे बहुधा काढला जातो. त्यात हाडे, सांध्याची झीज आणि साचलेले कॅल्शियम दिसते, स्नायू हाडाला जोडणारे स्नायुबंध मात्र दिसत नाहीत. ते फाटल्याची शंका असेल तर सोनोग्राफी किंवा एमआरआय सांगतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : साठीनंतर खांदा मुळीच न दुखणाऱ्या अनेकांच्या एमआरआयमध्येही फाटलेले स्नायुबंध दिसतात, त्यामुळे अहवालातील एखाद्या शब्दाने घाबरून न जाता तो आपल्या तक्रारीशी जुळतो का, हे डॉक्टरांना विचारावे.

उपचारांची सुरुवात बहुतेक वेळा फिजिओथेरपीने होते आणि तिला आठवडे नव्हे, महिने द्यावे लागतात. फ्रोझन शोल्डर पूर्ण मोकळा होण्यास एक ते तीन वर्षेही लागू शकतात, हे आधीच माहीत असलेले बरे. वेदना फार असल्यास सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले जाऊ शकते. त्यानंतर काही दिवस रक्तातील साखर वाढते, म्हणून आपल्या मधुमेहाची कल्पना आधी द्यावी, एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्तचाचणीचा) ताजा अहवाल आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवावी आणि त्या दिवसांत साखर किती वेळा तपासायची, हेही विचारून घ्यावे.

खांदेदुखीबरोबर छातीत दडपण, घाम किंवा धाप असेल, अथवा ताप येऊन खांदा लाल व गरम झाला असेल, तर मात्र ठरलेल्या भेटीची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.