"बाबा बँकेच्या ॲपला हातच लावत नाहीत"

"मॅडम, बाबा शिकलेले आहेत, दिवसभर यूट्यूब बघतात, पण बँकेचं ॲप म्हटलं की नकोच. गुडघे दुखतात तरी रांगेत उभे राहतात. कसं समजवायचं यांना?" नाशिकरोडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता (ओळख पटेल असे तपशील बदललेत). हा प्रश्न मला खूप जण विचारतात.

काका करन्सी नोट प्रेसमधून रिटायर झालेले. मुलगा समोर होता तोवर एकच वाक्य, "मला नाही जमत ते." मुलाला बाहेर बसवलं, चहा मागवला, मग हळूहळू बोलले. मुक्तिधाम मंदिरापाशी संध्याकाळी यांचा ग्रुप बसतो, त्यातल्या एकाला केवायसीच्या नावाने फोन आला, त्याने ओटीपी सांगितला आणि पैसे गेले. "पैशाचं सोडा हो, पण पोरगा त्याला आमच्या सगळ्यांसमोर काय काय बोलला... तो आता येतच नाही बसायला."

तिथे मला कळलं की काकांना ॲपची भीती नाहीये, चुकल्यावर घरात आपली काय किंमत राहील याची आहे. फ्रेड डेव्हिस नावाच्या संशोधकाने 1989 मध्ये मांडलं होतं की नवीन तंत्र उपयोगाचं वाटतं का आणि सोपं वाटतं का यावर माणूस ते घेतो की नाही हे बरंचसं ठरतं. बरोबरच आहे, पण पैशाचा विषय आला की विश्वास लागतो, आणि तो नुसता बँकेवरचा नाही तर घरच्यांवरचा पण, असं माझं ठाम मत आहे.

मुलाला विचारलं, तुम्ही शिकवता कसं? तर म्हणे मीच ॲप टाकून दिलं, पिन पण मीच सेट केला. म्हणजे काकांच्या हातात काही आलंच नव्हतं! मग ठरलं की फोन काकांच्याच हातात राहणार, पिन त्यांचाच आणि तो मुलालाही सांगायचा नाही. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडायचंच नाही, दुसऱ्या खात्यात 2000 रुपये ठेवायचे आणि तेच वापरायचे. ॲपची भाषा मराठी. काकांनी स्वतःच्या अक्षरात डायरीत लिहिलं, "पैसे घ्यायला पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो" आणि खाली 1930, सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. मुलाने कबूल केलं की काही झालं तर आधी 1930 ला आणि बँकेला फोन, बाबांना एक शब्द बोलायचा नाही. हे तो म्हणाला तेव्हा काकांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं, मला अजून आठवतं.

पहिला 1 रुपया मुलाला पाठवला, मग दूधवाला, मग भाजी. एकदा 50 च्या जागी 500 गेले, दुकानदाराने लगेच परत केले, आणि ही गोष्ट काकांनी घरी येऊन स्वतःहून सांगितली.

आता लाइटबिल काकाच भरतात. पेन्शन काढायला मात्र अजून बँकेतच जातात, तिथे मित्र भेटतात म्हणून. मुलगा रिक्षा करून देतो.