थोरल्याला एकट्याला गावी पाठवू नकोस

पत्र : मावशी, आम्ही भांडुपला वन रूम किचनमध्ये राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी पावणेदोनची. तो ओरडला की ती ओरडते, त्याने ताट भिरकावलं की तिचंही खाली. परवा पाळणाघरात तिने एका मुलीला फटका मारला, हुबेहूब दादासारखा. आणि हा आता बोबडं बोलतो, ‘मला भरव’ म्हणतो. सासूबाई म्हणतात, थोरल्याला काही महिने चिपळूणला ठेवू, म्हणजे धाकटी सुधारेल. काय करू?

उत्तर : नको गं पाठवूस. सुट्टीत सगळे मिळून जा. पण धाकटी बिघडतेय म्हणून त्याला एकट्यालाच घराबाहेर काढलंस, तर ती आली आणि आपली जागा गेली, एवढंच त्याला कळेल. तिच्या बोबड्या बोलांचं घरभर कौतुक होतं, ते तो रोज बघतोय. म्हणजे ती त्याची नक्कल करते तशी तोही तिचीच करतोय. भरव म्हणाला तर दोन घास भरव, काही बिघडत नाही.

तिला फटका वाईट की चांगला हे अजून उमगत नाही. दादाने फटका मारला की खेळणं मिळतं आणि आई धावत येते, एवढं मात्र दिसतं. म्हणून मारामारी झाली की आधी ज्याला लागलंय त्याला जवळ घे. मारणाऱ्याचा हात धरून ‘मारायचं नाही’ एवढंच म्हण. तू ओरडलीस तर दोघंही तेच उचलतील.

2018 साली कॅनडातल्या 452 भावंडजोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुसऱ्याच्या दुःखाची कणव थोरल्याकडून धाकट्याकडे जाते, तशी धाकट्याकडून थोरल्याकडेही जाते, असं त्यात दिसलं. फटका ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने मायाही जाते, आणि तू नेमकी तीच वाट बंद करायला निघालीयस.

ज्यूडी डन या ब्रिटिश संशोधिकेने केंब्रिजमधल्या घरांत जाऊन भावंडं पाहिली होती. जिथे आई थोरल्याशी बाळाबद्दल, त्याला काय हवंय, काय वाटतंय याबद्दल बोलायची, तिथे पुढे दोघांचं जास्त जमलं. तूही त्याला विचार, ‘बघ रे, का रडतेय ही? झोप आलीय की तुझी गाडी हवीय?’ तो चुकीचं उत्तर देईना का, तिच्याकडे बघायला तर लागेल. ‘तू दादा ना, मग शहाण्यासारखं वाग’ हे मात्र घरातून हद्दपार कर. त्या वाक्याने दादा होणं ही शिक्षा वाटते.

भांडणं कधी होतात, तेही बघ. मला वाटतं, तू लोकलमधून उतरून घरी येतेस आणि कुकर लावायला उभी राहतेस तेव्हा. दोघंही भुकेली, दोघांनाही तूच हवी. कुकर नंतर लाव. आधी खाली बस, केळं नाहीतर चुरमुरे पुढ्यात ठेव, दोघांना मांडीला मांडी लावून बसू दे. त्याच्या गाड्यांची रांग ती मोडत असेल, तर खिडकीच्या कट्ट्यावर, तिचा हात पोचणार नाही अशी जागा फक्त त्याची ठेव.

सासूबाईंचा जीव आहे नातवंडांवर. त्यांनाच पंधरा दिवस भांडुपला बोलावून घे. संध्याकाळी धाकटी त्यांच्याकडे, आणि त्याला घेऊन तू कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला जा. पाळणाघरातल्या ताईंनाही सांग, फटका मारला तर तुझ्यासारखंच ‘मारायचं नाही’ एवढंच म्हणा. बोबडं बोलणं दोन-तीन महिन्यांत ओसरलं नाही, तर बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव.