वजन कमी करायचं इंजेक्शन घेतलं तर रोइंगमधली वेळ सुधारते का?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, वजन ८४ किलो, दोन वर्षांपासून गंगापूर धरणावर वल्हवताय, एर्गवर (जमिनीवरचं वल्हवायचं यंत्र) दोन हजार मीटरला ७:४० लागतात. ऑफिसातल्या एकाने इंजेक्शनवर चौदा किलो उतरवले, तेव्हापासून तुमच्याही मनात घोळतंय. वेळ सुधारेल का आणि डोपिंगमध्ये धरतात का, हे दोन प्रश्न.

दुसरा आधी संपवते. धरत नाहीत. या इंजेक्शनातलं औषध, सेमाग्लुटाइड, २०२४ पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) निरीक्षण यादीवर आहे. खेळाडूंच्या नमुन्यांत ते किती सापडतंय याची नोंद ठेवतात, बंदी नाही. पण यादी दर १ जानेवारीला नवी लागू होते, त्यामुळे स्पर्धेत उतरणार असाल तर त्या वर्षीची यादी स्वतः वाचा, कोचच्या तोंडावर विश्वास ठेवू नका.

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर 'नाही' आहे, आणि ते मला सविस्तर द्यायचंय. कारण मागच्या महिन्यात गंगापूर रोडवर एका लग्नात माझे जुने सर भेटले. वीस वर्षांनी. तब्येत विचारली, मुलांचं विचारलं आणि सहज म्हणाले, "आत्ता इंजेक्शनं आलीत ना, ती तेव्हा असती तर तुझं पदक गेलं नसतं." मी जेवण अर्धवट टाकून घरी आले.

मी मखमलाबादची. घरी द्राक्षबाग, हाडापेराने मजबूत, अकरावीत वल्हं हातात घेतलं तेव्हा ६२ किलो. महिलांच्या लाइटवेट, म्हणजे कमी वजनाच्या गटात मर्यादा ५९ किलोची (जोडीत सरासरी ५७). शर्यतीच्या एक ते दोन तास आधी काट्यावर उभं राहायचं. मला पहिल्याच महिन्यात लाइटवेटमध्ये टाकलं, कारण खुल्या गटात आमच्या क्लबकडे मुली होत्या आणि तिथे जागा नव्हती. माझ्या शरीराचा विचार कुणी केला नाही. सरांचं एकच वाक्य होतं, "हलकी बोट पळते." ते मी तीन वर्षं रोज ऐकलं.

राष्ट्रीय स्पर्धेच्या चार दिवस आधी मी ६१.७ होते. आधी भाकरी बंद झाली, मग मीठ, मग पाणी. दुपारच्या उन्हात स्वेटरवर रेनकोट घालून पळायचं, परत आल्यावर गुळण्या करून थुंकायचं, गिळायचं नाही. दोन दिवस राहिले तेव्हा सरांनी कागदाच्या पुडीतून गोळी दिली. पांढरी, छोटी. मी ती ओळखली. आजीचे पाय सुजायचे तेव्हा तिला डॉक्टर तीच द्यायचे, लघवीची गोळी. मी विचारलं, "सर, ही तर आजीची आहे." ते म्हणाले, "पाणीच तर काढते, त्यात काय." मी घेतली. दोन दिवसांत तीन घेतल्या.

ही सगळी औषधं, ज्यांना डाययुरेटिक म्हणतात, वाडाच्या यादीत बारमाही बंद आहेत. स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. वजन उतरवतात म्हणून आणि लघवी पातळ करून दुसरी औषधं झाकतात म्हणूनही. हे मला कुणी सांगितलं नाही. माझी चाचणी झाली असती तर माझं नाव गेलं असतं, सरांचं नव्हे.

काट्यावर ५८.९ भरले. सरांनी पाठ थोपटली. पहिले हजार मीटर मी दुसऱ्या नंबरवर होते. बाराशेच्या सुमारास उजव्या हाताची बोटं दांड्यावर वळली ती उघडेनात. पेटका मांडीपर्यंत गेला. पुढच्याच स्ट्रोकला वल्हं पाण्यात रुतलं, दांडा पोटात बसला आणि बोट आडवी झाली. मला बचावाच्या बोटीने काठावर आणलं. तिथे सलाइन लावलं. परतल्यावर नाशिक रोड स्टेशनवर आई घ्यायला आली होती. तिने दंड धरून बघितला आणि विचारलं, "तुला कुणी उपाशी ठेवलं का गं?" मी म्हणाले, सर्दी झाली होती. पुढे सात महिने पाळी आली नाही. तेव्हा त्याला नाव माहीत नव्हतं. आता आहे: खर्च जास्त आणि खाणं कमी पडलं की शरीर एकेक खातं बंद करत जातं, पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती. ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये त्याला रेड-एस हे नाव दिलं. पुरुष खेळाडूंनाही होतं.

हे एवढं का सांगितलं? कारण तुमच्या प्रश्नाच्या पोटातही "हलकी बोट पळते" हेच आहे.

सायकलवाल्यांचं वेगळं. कसारा घाट चढताना प्रत्येक किलो स्वतःच्या पायांनी वर न्यावा लागतो. पळण्याचंही तसंच. रोइंगमध्ये तुमचं वजन पाणी उचलतं. वजन वाढलं की बोट थोडी खाली बसते, घर्षण थोडं वाढतं, बस. त्याच्या बदल्यात मांडी आणि पाठ किती ओढते ते महत्त्वाचं. आणि एर्ग तर जमिनीवर ठेवलेला असतो, त्याला तुमच्या वजनाशी काही देणंघेणं नाही, साखळी किती जोरात ओढली तेवढंच त्याला कळतं. आपल्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कलमध्ये (एकट्याची बोट) तेरावा आला, तो खुल्या गटात. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये अंगात ताप असताना सिंगलच्या फायनलमध्ये त्याला पदक मिळालं नाही, दुसऱ्या दिवशी चौघांच्या बोटीत सुवर्ण. त्याच स्पर्धेत लाइटवेट सिंगलमध्ये दुष्यंत चौहानने कांस्य मिळवलं आणि शर्यत संपल्यावर त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. वजनापायी ब्रेडचे दोन तुकडे आणि एक सफरचंद खाऊन उतरलो होतो, असं त्याने स्वतः सांगितलं. तो टीव्हीवर दिसला तेव्हा मला माझा हात आठवला.

आता इंजेक्शन. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. पण ज्यांचं शरीर आतून मोजलं त्यांच्यात उतरलेल्या वजनातला जवळजवळ ४० टक्के भाग चरबी नसलेला होता. तुमच्या ८४ किलोंवर हिशेब करा: साडेबारा किलो जातील, त्यातले पाच किलो चरबीचे नसतील. ते पाच किलो तुम्हाला रोइंगमध्ये लागतात. शरीर किलोमागे किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा कागदावर सुंदर दिसेल, कारण भागायचं वजन कमी झालं. बोटीला एकूण जोर लागतो, भागाकार नाही.

शिवाय हे औषध पोट सावकाश रिकामं करतं. भूक त्यानेही मरते. दीड तासाच्या सरावाआधी खाल्लेलं केळं पोटातच बसून राहतं, मळमळ होते, मध्ये ताकदीसाठी घेतलेलं साखरेचं जेल वर येतं. आणि भूकच नसल्यामुळे सरावानंतर जे भरून काढायचं तेही राहून जातं. विश्रांतीतले हृदयाचे ठोकेही थोडे वाढतात, म्हणजे ठोक्यांवरून सरावाचा जोर ठरवणारे घड्याळावरचे झोन चुकतात. आठवड्याने औषध अर्धं उरतं, त्यामुळे "स्पर्धेआधी एक डोस सोडतो" या बोलण्याला अर्थ नाही, पूर्ण निघायला पाचेक आठवडे लागतात. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आल्याचंही त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं.

आता जे आधीच सांगायला हवं होतं ते. ती चाचणी स्थूल लोकांवर होती, वल्हवणाऱ्यांवर नव्हे. 'चरबी नसलेला भाग' म्हणजे सगळा स्नायू नव्हे, त्यात पाणीही येतं. आठवड्यातून दोनदा वजनं उचलली आणि प्रथिनं नीट खाल्ली तर नुकसान कमी होतं. आणि तुम्हाला साखर असेल, गुडघे बोलत असतील, डॉक्टरांनी तपासून लिहून दिलं असेल, तर जरूर घ्या. माझा सख्खा भाऊ घेतो, त्याची साखर वर्षात ताळ्यावर आली, मीच त्याच्या मागे लागले होते. पोटावर खूपच चरबी असेल तर पुढे झुकून कॅच घेताना, म्हणजे वल्हं पाण्यात घालताना, ती आडवी येते, ती गेल्यावर स्ट्रोक लांब होईल हेही खरं. फक्त कुणाच्या बॅगेतून पेन विकत घेऊ नका. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि नाशिकचा एप्रिल तुम्हाला माहीत आहे.

तुमची ७:४० कमी करायची असेल तर मी आधी दोन महिने जेवण आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) मागेन.

आणि सरांसाठी, कारण लग्नात मला बोलता आलं नाही. ऑलिंपिकमधून लाइटवेट गेला. पॅरिस २०२४ शेवटचं. ज्या चौकटीत बसवायला तुम्ही मला वाळवलंत ती चौकटच तिथे उरली नाही. माझ्या त्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर वर्षभराने मी दुसरीकडे सरावाला गेले, तिथे एका निवृत्त सुभेदारांनी पहिल्या दिवशी विचारलं, "सकाळी काय खाल्लंस?" माझी जुनी वही अजून आहे, शाईने लिहिलेली. ६१.५ किलोला दोन हजार मीटर ७:५२. वजन उतरवलेल्या आठवड्यात ५९ किलोला ८:०६. सुभेदारांकडे दीड वर्ष जेवून, वजनं उचलून ६६ किलोला ७:३४.