आधीच केलेला शिरा

दरवर्षी जूनमध्ये शाळा सुरू होऊन पहिली पालक सभा पार पडली की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकाच तक्रारीचे फोन येऊ लागतात. ‘मुलगा आठवीत गेला आणि आता मी शाळेत आलेली त्याला चालत नाही’, ‘मुलगी म्हणते, स्नेहसंमेलनात तू काही काम घेऊ नकोस’. तपशील बदलतात, पण दुखावलेली आई तीच असते. (वडिलांचे असे फोन मला क्वचितच येतात, आणि तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.) एका कुटुंबाने या तक्रारीकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली, म्हणून त्यांचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही अशा रीतीने येथे सांगते.

मुलगा नववीत होता आणि शाळा सेमी-इंग्रजी माध्यमाची होती. बालवाडीपासून शाळेत हाकेला धावून जाणाऱ्या पालकांत त्याच्या आईचे नाव पहिले असे. सहलीला सोबत जाणे, संमेलनाचे कपडे भाड्याने आणून मोजून परत करणे, क्रीडादिनी लिंबूपाण्याचे पिंप सांभाळणे ही सगळी कामे त्यांचीच होती. त्या वर्षी इच्छुक पालकांच्या चिठ्ठ्या टाकल्या गेल्या तेव्हा पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतही त्यांचे नाव निघाले. त्याच सुमारास मुलाने घरात बोलणे जवळजवळ बंद केले.

‘‘मॅडम, चौथीपर्यंत हाच मुलगा मी शाळेत दिसले की धावत येऊन पदर धरायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आता व्हरांड्यात समोरून आला तर मान वळवतो. मी इतकी लाजिरवाणी आहे का?’’

मीही तोच अर्थ लावला होता, हे कबूल करायला हवे. या वयात मित्रांसमोर आईवडील नकोसे वाटतात, तेव्हा आईने वर्षभर शाळेपासून जरा दूर राहावे, असा सल्ला माझ्या ओठांवर आला होता. मुलाला एकट्याला भेटल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही हा नियम मी इतक्या वर्षांत मोडलेला नाही, आणि त्या नियमानेच मला वाचवले.

मुलगा पहिल्या भेटीत ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ यापलीकडे गेला नाही. दुसऱ्या भेटीत मी आईचा विषय बाजूला ठेवून विचारले, ‘‘शाळेतली एखादी गोष्ट घरी जाऊन सांगितलीस, असं शेवटचं कधी झालं?’’

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘‘खो-खोच्या संघात माझं नाव आलं ना, तेव्हा सांगणार होतो. रिक्षात बसलो नाही, चालत गेलो. कसं सांगायचं ते ठरवत होतो. दार उघडलं तर शिऱ्याचा वास आला. आजीला फोनसुद्धा करून झाला होता.’’

‘‘शिरा आवडत नाही तुला?’’

‘‘आवडतो. त्या दिवशी नको वाटला.’’

मग तो आपणहून बोलू लागला. गणिताच्या घटक चाचणीत 20 पैकी 9 गुण पडल्याचे आईला उत्तरपत्रिका वाटण्याआधीच कळले होते. मित्राशी झालेले भांडण संध्याकाळपर्यंत मिटले, तोवर ते दोन्ही घरी पोचले होते. ‘‘ती शाळेत येते त्याचं काही नाही. पण मला सांगायला काही उरतच नाही.’’

त्या वाक्यापाशी मी थांबले. समोरच्या मुलाला आईची लाज वाटत नव्हती. त्याच्या दिवसाची बातमी त्याच्या आधी घरी पोचत होती, ही त्याची तक्रार होती. चौदाव्या वर्षी मुलाकडे स्वतःचे असे फार थोडे असते, आणि घरच्यांनी न पाहिलेला शाळेतला दिवस हा त्यातला मोठा वाटा असतो. त्यातले काय सांगायचे, केव्हा सांगायचे आणि काय पोटात ठेवायचे हे ठरवता ठरवताच मूल मोठे होते. हे मी पुस्तकांतून अनेकदा वाचले होते, पण ते पटले शिऱ्यामुळे.

आईचे काम अधिक अवघड होते. माझी बैठक मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीची आहे (इच्छेचा हट्ट झाला की माणूस दुःखी होतो, असे ती सांगते) आणि मराठीत ती समजावणे सोपे जाते, कारण आपल्या भाषेत हट्टाला एक अक्षरच दिलेले आहे. ‘मला सगळं कळलंच पाहिजे’ यातला ‘च’ मी कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवला आणि तो काढला तर काय उरते, असे विचारले. त्यांनी उत्तर दिले ते भलतेच. ‘‘नोकरी सोडल्यापासून मला सगळे अमक्याची आई म्हणतात. शाळेत मात्र बाई मला नावाने हाक मारतात.’’

मी मूळ सल्ला दिला असता तर या बाईंच्या हातून त्यांची एकमेव हक्काची जागा काढून घेतली असती. शाळेत काम करणे ही त्यांची गरज होती आणि ती रास्त होती. मुलाची बातमी काढणे हा त्या कामाला चिकटलेला भाग होता, आणि तो सोडवता येण्याजोगा होता.

म्हणून पालकांना माझे सांगणे असे आहे की मूल माध्यमिक शाळेत गेल्यावर शाळेतून बाहेर पडू नका, फक्त त्याच्या वर्गातून बाहेर पडा. ग्रंथालयातील फाटकी पुस्तके बांधायला, शाळा सुटताना फाटकाबाहेरची वाहने आवरायला, पाचवीच्या नवख्या मुलांना वाचून दाखवायला, आपल्या व्यवसायाविषयी दहावीच्या मुलांशी तासभर बोलायला शाळेला माणसे हवीच असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि राज्याच्या 2011 च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघाला शुल्काच्या प्रश्नात स्थान दिले, ते सर्व मुलांच्या वतीने बोलण्यासाठी. समितीच्या बैठकीनंतर वर्गशिक्षिकेला कोपऱ्यात गाठून ‘आमचा कसा आहे?’ विचारणे यात बसत नाही. तो प्रश्न ओपन डेला विचारावा, आणि शक्यतो मूल शेजारी उभे असताना.

नोकरीमुळे शाळेत जाता येत नाही म्हणून खंतावणाऱ्या पालकांनी उगाच झुरू नये. नॅन्सी हिल आणि डायना टायसन या संशोधकांनी 2009 मध्ये या वयोगटाविषयीच्या 50 अभ्यासांचा एकत्रित धांडोळा घेतला, तेव्हा शैक्षणिक यशाशी सर्वांत घट्ट नाते आढळले ते शिक्षणाचे मोल आणि पुढची स्वप्ने यांविषयी घरात होणाऱ्या बोलण्याचे. शाळेतील हजेरीचा संबंध त्यामानाने कमी होता, आणि गृहपाठाला बसून मदत करण्याचा लाभ तर ठामपणे दिसलाच नाही. गृहपाठावरून रोज रात्री घरात रणांगण करणाऱ्यांना हे मी आवर्जून सांगते.

त्या आईंनी समिती सोडली नाही. नववीच्या पालकांचा व्हॉट्सॲप गट त्यांनी नवऱ्याकडे सोपवला (ते तो फारसा उघडत नाहीत, हे येथे उपयोगीच पडले), वर्गशिक्षिकेला ओपन डेखेरीज मुलाविषयी काही सांगू नका अशी विनंती केली आणि स्वतः पाचवीच्या वाचनतासाला जाऊ लागल्या. पहिले पाच-सहा आठवडे मुलगा काहीही बोलला नाही. त्या काळात त्यांचे मला दोनदा फोन आले आणि दोन्ही वेळा मी ‘थांबा’ एवढेच म्हणाले.

तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज दबका होता, मुलगा बहुधा आतल्या खोलीत असावा. प्रयोगशाळेत त्याच्या हातून चंचुपात्र फुटले होते आणि जेवताना त्याने ते आपणहून सांगितले होते.

‘‘मला दुपारीच कळलं होतं, मॅडम. शिपाईमामा बोलून गेले.’’

‘‘मग तुम्ही काय म्हणालात?’’

‘‘मी म्हटलं, ‘अरे बापरे, कसं फुटलं?’ वीस मिनिटं सांगत होता.’’