साताऱ्याकडच्या मुरमाड रानात करवंदाची लागवड करता येईल का?

तुमचं वीस गुंठे उताराचं मुरमाड रान आहे, पाणी नाही, गुरं शिरतात, आणि डोंगरातनं करवंदाची रोपं उपटून आणून लावली तर चालेल का, असं विचारलंय. लागवड चालेल. उपटून आणणं चालायचं नाही.

मी जावळी तालुक्यातला. लहानपणापासून करवंदाच्या जाळ्यांत हात ओरबाडून घेतलेत, त्यामुळे लागवड म्हणजे काय मोठं, असं मलाही वाटायचं. पहिल्या पावसात आमच्याच मालकीच्या पडीक उतारावरची डझनभर रोपं पहारीनं काढली. वर हातभर दिसणाऱ्या रोपाचं सोटमूळ खाली खडकाच्या फटीत कुठवर गेलंय ते खणायला लागल्यावर कळतं. सगळ्यांची मुळं तुटली आणि गणपतीपर्यंत एकही जगलं नाही. राखीव वनातनं रोप काढणं तर कायद्यानं गुन्हाच आहे. कोयना आणि चांदोलीच्या बाजूला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे, तिकडे हा विचारही नको.

मग बी लावायचं ठरवलं. मे महिन्यात काळीभोर पिकलेली करवंदं आणली, बिया धुतल्या, उन्हात खडखडीत वाळवल्या आणि पावट्याच्या बियाण्यासारख्या डब्यात भरून पुढच्या जूनसाठी ठेवल्या. एक उगवली नाही! करवंदाचं बी ताजंच पेरावं लागतं, ठेवलं की त्याची उगवण झपाट्यानं जाते. रानात बघा ना, फळ मे महिन्यात पिकून पडतं आणि दोन-तीन आठवड्यांत पाऊस येतो. त्या बीला थांबायची सवयच नाही. आता मी खाल्लेल्या करवंदांच्या बिया राखेत चोळून, सावलीत एक दिवस सुकवून लगेच पिशव्यांत टोचतो. महिन्याभरात कोंब दिसतात. वाढ मात्र सावकाश. रोप वर्षभर पिशवीतच वाढवा, पुढच्या आगोटीला रानात लावा. फळ दिसायला लावल्यापासून तीन-चार वर्षं धरा.

आता नर्सरीतल्या रोपाबद्दल. ‘करवंद’ म्हणून जे रोप हातात देतात ते बऱ्याचदा आपल्या डोंगरातलं नसतं. उत्तरेकडे ज्याला करौंदा म्हणतात तो हा प्रकार: फळ मोठं, पांढरट-गुलाबी, चवीला करकरीत आंबट. बेकरीच्या केकवर लाल चेरी म्हणून जे बसतं ते पुष्कळदा पाकात मुरवून रंगवलेलं हेच फळ. लोणच्याला, जेलीला उत्तम, कारण कच्च्या फळात पेक्टिन भरपूर असतं आणि जेली आपोआप घट्ट धरते. पण फोडून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी असा खेळ खेळत जे काळं गोड करवंद आपण खाल्लं, ती चव त्यात शोधू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण बोल्ड’ नावाची जात दिलीय, मोठ्या फळाची. तीही विचारात घ्या. तुम्हाला नेमकं एखाद्या गोड जाळीचंच फळ हवं असेल तर बी सोडून गुटी कलम करा, म्हणजे झाडावरच्या फांदीलाच मुळं फुटू द्यायची आणि मग ती कापून लावायची. बीपासून आलेलं झाड आईच्या गुणाचं निघेलच असं नाही. पावसाळ्यात पेन्सिलएवढ्या फांदीवर गुटी बांधायची. माझ्या निम्म्याच गुट्या मुळं धरतात, हे आधीच सांगतो.

जमिनीची काळजी करू नका. मुरूम, जांभा, दगडधोंडे, सगळं चालतं, फक्त पाणी साठायला नको. माण-खटावच्या कोरड्या रानातही मोठं झालेलं झाड तग धरतं, पण पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात अधूनमधून घागरभर पाणी आणि बुडाशी पाचोळा लागतोच. खड्डा दीड-दोन फुटांचा, त्यात पाटीभर कुजलेलं शेणखत. तीन मीटरवर लावलं तर वीस गुंठ्यांत सव्वादोनशेच्या आसपास झाडं बसतील.

तरी माझा सल्ला सगळं रान भरू नका असाच आहे. कारण तोडणी. काटा दुबेळकी, फांदी मोडली की चीक, पिकलेलं करवंद एकेक करून काढायचं, आणि दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं. मे महिन्यात महाबळेश्वरच्या रस्त्याला बाया पाटीत करवंदं घेऊन बसतात, द्रोणानं विकतात. ती मेहनत घरच्या माणसांच्या बळावर पेलते, मजुरी देऊन नाही. सव्वादोनशे झाडांचं पिकलेलं फळ कोण तोडणार? कच्चं हिरवं तोडून लोणच्यावाल्याला द्यायचं ठरवलंत तर गणित जरा बरं बसतं, पण गिऱ्हाईक आधी बघा, मग झाडं.

गुरांचा त्रास आहे म्हणता, तर चारी बाजूंनी बांधावर करवंदच लावा, एक-एक मीटरवर. चार-पाच वर्षांत म्हैस सोडा, रानडुक्करसुद्धा दुसरी वाट शोधेल. तोवर मात्र तात्पुरतं काटेरी झाप घाला, शेळ्या कोवळे शेंडे खुडतात. आणि छाटणी जूनमध्ये, फळं संपली की लगेच. आमच्या शेजाऱ्यांनी दिवाळीनंतर कुंपण सरळ दिसावं म्हणून कात्री चालवली. फुलं फांदीच्या टोकाला येतात, ती टोकंच गेली. फेब्रुवारीत आमच्या जाळ्यांवर जाईसारखा वास सुटला होता आणि त्यांचं कुंपण नुसतं हिरवंगार उभं.