पावसात धूळ कुठली?

वसईत समुपदेशन करताना एक काळजी वेगवेगळ्या तोंडून पुन्हा पुन्हा ऐकू येते. इथल्या मराठी कॅथलिक वाड्यांमधली मुलं-मुली धर्मसंघात जातात, व्रतं घेतात आणि मिशनकार्यासाठी परदेशी रवाना होतात. मग वर्ष-दीड वर्षानं फोन येतो. कधी त्या तरुणाचा, पण बहुतेकदा आईचा. "प्रार्थनेत काहीच वाटत नाही म्हणतो. मॅडम, विश्वासच उडाला असेल का हो त्याचा?"

एका ब्रदरांची, म्हणजे धर्मसंघातल्या एका व्रतस्थ तरुणाची, हकिगत सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळखीचे तपशील बदललेत. मी स्वतः ख्रिस्ती नाही, हे पहिल्याच भेटीत त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं, तुम्ही संतांच्या गोष्टी तरी सांगणार नाही." (पुढे एक सांगितलीच.)

वय सव्विशीच्या आसपास. मुक्काम टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या बुकोबा भागात. लॉरियन रुगाम्ब्वा 1960 मध्ये कार्डिनल झाले, आधुनिक काळातले पहिले आफ्रिकी कार्डिनल, ते याच भागातले. म्हणजे श्रद्धा तिथे रुजलेली, कुणाला नव्यानं शिकवायची नव्हती. ब्रदर किस्वाहिली शिकून गेले, तर गावातल्या म्हाताऱ्या बोलतात किहाया, तिथली स्थानिक भाषा! रविवारची मिस्सा लांबलचक, ढोल आणि नाच. "सगळं चर्च डोलत असतं आणि मी घड्याळ बघत असतो," ते व्हिडिओ कॉलवर म्हणाले. अंतिम, म्हणजे आयुष्यभराच्या व्रतांचा अर्ज टेबलावर कोराच होता. "आत काही नसताना सही करणं म्हणजे ढोंग ना?"

मी विचारलं, "विश्वास गेला असं ज्या रात्री वाटलं, तिच्या दुसऱ्या दिवशी काय केलंत?"

"कॅटेकिस्ट, म्हणजे गावात धर्मशिक्षण देणारा, आजारी होता. मोटरसायकल काढून उपकेंद्रावर गेलो, प्रार्थना घेतली."

"का गेलात?"

"लोक वाट बघत होते."

यावर मी काही बोलले नाही. ते उत्तर त्यांनी स्वतः ऐकायला अजून वेळ होता.

निदान त्यांनी आधीच करून आणलं होतं. सोळाव्या शतकातले स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस यांनी वर्णिलेली आत्म्याची काळरात्र, म्हणजे प्रार्थना कोरडी पडते आणि देव दूर गेल्यासारखा वाटतो तो काळ. मदर तेरेसांच्या पत्रांतूनही असा कोरडेपणा वर्षानुवर्षं दिसतो, याची आठवण त्यांनीच मला करून दिली. या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण काळरात्र म्हणण्याआधी मी रात्रीची झोप विचारते. जेवण, मलेरिया, गोळ्याही विचारते. मेफ्लोक्विन ही मलेरिया टाळण्यासाठी दिली जाणारी गोळी काहींना नैराश्य आणि भीतिदायक स्वप्नं देऊ शकते. अशा वेळी दोष श्रद्धेचा नसतो. ब्रदर ती घेत नव्हते. झोप ठीक होती.

मग एका भेटीत रस्त्याबद्दल बोलताना ते सहज म्हणाले, "बागांमधून जाताना एकदा गाडी थांबवावी लागली. डोळ्यांत धूळ गेली, पाणी यायला लागलं."

"कोणता महिना?"

"एप्रिल."

मार्च ते मे तिथे मोठा पावसाळा. "ब्रदर, पावसात धूळ कुठली?"

ते गप्प झाले. मी थांबले. या धंद्यात बोलायला कुणीही शिकतं. गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली.

"बागा कशाच्या होत्या?"

"केळीच्या."

बुकोबाचं मुख्य अन्नच केळी, घराभोवती केळीच्याच बागा. आणि हे वसईच्या केळीच्या वाडीत, बावखलाच्या (वाडीतल्या छोट्या तळ्याच्या) काठी वाढलेले. पावसानं भिजलेल्या पानांचा वास आला आणि गाडी थांबली. मग बराच वेळ ते रडले आणि नंतर जे बोलले ते मी वहीत लिहून ठेवलंय: "मॅडम, विश्वास गेला म्हणणं सोपं होतं. आईची आठवण येते म्हणायची लाज वाटत होती."

इथेच माझ्यासाठीही गाठ सुटली. मिशनऱ्याला देवाबद्दल शंका आली तर तिला प्रतिष्ठा असते. घराची ओढ मात्र पोरकट ठरते. म्हणून लहान दुःख मोठ्या प्रश्नाचा झगा घालून येतं. मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ वाटेनं काम करते. (ते नास्तिक, मी हिंदू आणि समोर ब्रदर. चाललं व्यवस्थित.) ही वाट विचारते: माणूस दुःखी आहे, की 'मला दुःख होताच कामा नये' या हट्टानं पिचलाय? हट्टाचं मूळ त्यांनी लगेच दाखवलं. नांगराला हात घातल्यावर जो मागे पाहतो तो देवाच्या राज्याला योग्य नाही, हे लूकच्या शुभवर्तमानातलं वचन.

मग मी संताची गोष्ट सांगितली. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्याला आले, पुढे आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांकडे गेले. तिथून 1546 मध्ये त्यांनी सोबत्यांना लिहिलं, की तुमच्या पत्रांतली तुमच्या हातची नावं कापून घेतलीत आणि सतत जवळ बाळगतो. "त्यांनी नांगर सोडला होता का, ब्रदर?"

"ते संत होते."

"संत 1622 मध्ये झाले. तेव्हा ते फक्त घरापासून लांब होते."

ब्रदर हसले. पुढच्या भेटीत त्यांनी आपणहून तो कॅटेकिस्टचा दिवस काढला. "काही वाटत नव्हतं, तरी गेलो. हे ढोंग नव्हतं, नाही का?" मी मान हलवली. काही वाटणं हा विश्वासाचा एक भाग झाला. काही वाटत नसताना निघणं हाही विश्वासच, आणि माझ्या मते तो जास्त टिकाऊ.

त्यांनी सुपिरियरांशी, म्हणजे संघातल्या वरिष्ठांशी, मोकळं बोलून व्रतांसाठी आणखी एक वर्ष मागून घेतलं. अनेकांना हे अपयश वाटतं, मला वाटत नाही. घाईनं केलेली सही कुणाच्याच उपयोगाची नसते. दर रविवारी आईशी घरच्या बोलीत बोलायचं, रात्रीची एक प्रार्थना मराठीत करायची, एवढंच आम्ही ठरवलं. ते पुढे काय ठरवतील ते मला ठाऊक नाही आणि ते माझं कामही नाही.

घरच्यांना एक विनंती. फोनवर "प्रार्थना करतोस ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला खरं उत्तर देता येत नाही. काय जेवलास, कुणाबरोबर हसलास, पाऊस किती झाला, हे विचारा. आपल्याकडे काय चाललंय तेही सांगा, अगदी वाडीत पडलेल्या घडापर्यंत. आणि दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, किंवा जगणं नकोसं वाटतंय असा एक शब्द जरी आला, तर माझ्या वेळेसाठी थांबू नका. त्याच दिवशी सुपिरियरांना कळवा आणि तिथल्या डॉक्टरांकडे न्यायला सांगा.